नागपूर : सुखे वारशाची, त्रास हातचे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरूत नोकरी करणाऱ्या नागपूरच्या मुलामुलींनी गावी परतावे की नाही, हा विषय हल्ली आमच्या पिढीच्या घरोघरी निघतो आणि त्यावर बहुधा दोनच उत्तरे ऐकू येतात. 'नागपूरसारखे सुख कुठे नाही' हे एक आणि 'इथे उन्हाशिवाय आहे काय' हे दुसरे. जन्मापासून याच शहरात राहत असल्यामुळे मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. येथे राहण्याचे फायदे खरोखरच मोठे आहेत, परंतु त्यांतले बहुतेक आधीच्या पिढ्यांनी करून ठेवलेले आहेत. तोटे मोजायला बसलो, तर मूळचा उन्हाळा सोडून बाकीचे बरेचसे गेल्या दोन-अडीच दशकांत आपणच ओढवून घेतलेले दिसतात. या फरकाकडे आपल्या वाचकांचे आणि महापालिकेचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

येथील पहिले सुख अंतराचे. रेल्वे स्थानक शहराच्या मध्यात आहे, सोनेगावचा विमानतळ वस्तीला लागून आहे आणि नोकरदार माणूस दुपारच्या सुट्टीत घरी येऊन जेवून जातो, हे दृश्य येथे अजून दुर्मिळ झालेले नाही. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. सिव्हिल लाइन्समधले रुंद रस्ते, जुनी झाडे आणि मोठाली आवारे त्या काळाची देणगी आहेत. शिक्षणाचेही तसेच आहे. हिस्लॉप महाविद्यालय १८८३चे, विद्यापीठ १९२३चे आणि लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ची. पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी नागपूरच्या मुलाला घर सोडावे लागत नाही, ही गोष्ट आपण गृहीत धरतो, पण गडचिरोली किंवा गोंदियाच्या पालकांना तिचे मोल विचारावे.

वैद्यकीय सोयींबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण उतारवयातल्या आईवडिलांसाठी परतण्याचा विचार करणाऱ्यांचा निर्णय बरेचदा याच मुद्द्यावर होतो. मेडिकल, मेयो आणि आता मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रातले एम्स ही तीन मोठी सरकारी रुग्णालये येथे आहेत, शिवाय धंतोली आणि रामदासपेठेत खासगी दवाखान्यांची दाटी आहे. मेडिकलच्या आवारात सकाळी गेल्यास बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगावहून आलेली कुटुंबे झाडाखाली सतरंजी अंथरून, डबे आणि तपासणीचे कागद शेजारी ठेवून बसलेली दिसतात. त्यांच्यासाठी कित्येक तासांच्या प्रवासाचे जे ठिकाण, ते आपल्याला रिक्षाच्या अंतरावर आहे. मात्र आपल्या शहराच्या दवाखान्यांवर निम्म्या मध्य भारताचा भार आहे, हेही विसरता येत नाही, आणि तेथील रांगा त्याच भाराच्या आहेत.

पाण्याच्या बाबतीतही नागपूर सुदैवी आहे. पेंच आणि कन्हानचे पाणी शहराला मिळते, आणि मराठवाड्यातल्या शहरांत आठ-आठ दिवसांनी नळ येतो हे ऐकले की आपले बरे चालले आहे असे वाटते. भांडेवाडीत प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला पुरवण्याची जी व्यवस्था येथे उभी राहिली, तिचा अभिमान बाळगायला हवा, कारण त्यामुळे तेवढे स्वच्छ पाणी माणसांसाठी उरते. नव्या काळातही चांगले काम होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे आणि मार्च २०१९ मध्ये सुरू झालेली मेट्रो हे दुसरे. सीताबर्डीला एकमेकांना छेदणारे तिचे दोन मार्ग शहराच्या चारही दिशांना जातात. पण स्थानकावर उतरल्यावर पुढचे दोन किलोमीटर जायचे कसे, याचे उत्तर बसने द्यायचे असते आणि आपल्याकडची बस ते देत नाही. संध्याकाळनंतर तर नाहीच. म्हणून मेट्रो दारात असूनही घराघरांत दुचाकी वाढतच आहेत.

रोजगाराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मिहानमध्ये काही मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आल्या, बुटीबोरी आणि हिंगण्यात कारखाने आहेत, तरी अभियांत्रिकी झालेल्या मुलाला नोकरी बदलायची झाली की शहरही बदलावे लागते. पहिली नोकरी येथे मिळेलही, दुसरी मिळेलच असे नाही. दिवाळीत पुण्याहून येणाऱ्या गाड्यांची प्रतीक्षा यादी आणि खासगी बसचे वाढलेले भाडे पाहिले की आपली किती मुले तिकडे आहेत ते कळते. परतणाऱ्याने हे समजूनच यावे, येथे कोणी त्याला खोटी आशा दाखवू नये.

आता उन्हाळ्याविषयी. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती, आणि नवतपाचे, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस म्हणजे काय हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. हे ऊन नवीन नाही. त्याच्याशी जुळवून घेण्याची रीतही या शहराने शोधलेली होती. जाड भिंती, अंगणातला कडुनिंब, दुपारी बंद ठेवलेली दारे आणि मार्चअखेर ताट्या बदलून खिडकीला लावलेला कूलर, एवढ्यावर पिढ्या निभावल्या. हवा कोरडी असते तोवर कूलर उत्तम चालतो, आणि सूर्य मावळला की मातीचे अंगण लवकर निवत असे. आज वस्त्यावस्त्यांतून भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे रस्ते झाले आहेत. दिवसभर तापलेले सिमेंट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, झाडाच्या बुंध्यालाही बोटभर माती उरत नाही, आणि पूर्वी गच्चीवर झोपणारी माणसे आता वातानुकूलन यंत्राशिवाय रात्र काढू शकत नाहीत. ज्यांना ते परवडत नाही, त्यांनी काय करायचे? चौकातल्या सिग्नलवर उन्हाळ्यात हिरव्या जाळ्या बांधल्या जातात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे, कारण त्या सावलीत उभे राहिल्यावर किती हायसे वाटते ते मी अनुभवले आहे. पण जाळी जूनमध्ये उतरते, आणि रस्ता रुंद करताना तोडलेले झाड पुन्हा उभे राहायला तीस वर्षे लागतात. अजनी वनातली झाडे वाचावीत म्हणून नागरिक रस्त्यावर उतरले होते, ते याच जाणिवेने.

या रस्त्यांचा दुसरा परिणाम पावसाळ्यात भोगावा लागतो. आमच्या गल्लीतील जुना डांबरी रस्ता घराच्या फाटकापेक्षा दोन पायऱ्या खाली होता. सिमेंटीकरण झाले तेव्हा जुना थर न खोदता त्यावरच नवा थर ओतला गेला, आणि आता रस्ता अंगणाच्या वर आहे. जोराचा पाऊस आला की गल्लीतले पाणी फाटकाखालून आत शिरते, म्हणून शेजारच्या प्रत्येक घराने दारात विटांचा वीतभर बांध घातला आहे आणि म्हाताऱ्या माणसांना तो ओलांडून आत-बाहेर करावे लागते. रस्ता करणाऱ्यांना हे काम सुरू असतानाच दाखवले होते. 'आराखड्यात असेच आहे' एवढेच उत्तर मिळाले. हीच तक्रार शहराच्या कितीतरी भागांतून ऐकू येते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे जे घडले, ते याच वृत्तीचे मोठे रूप होते. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतली माणसे झोपेतून उठली ती पाण्यातच. जीव गेले, तळमजल्यावरचे संसार चिखलात गेले. शहराला पाणी मिळावे म्हणून जुन्या काळी बांधलेला तो तलाव गुन्हेगार नव्हता. सांडव्यासमोर उभे राहिलेले स्मारक आणि नदीपात्र आवळत गेलेली बांधकामे यांचा विषय पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, तो नागरिकांनी नेला म्हणून. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले, तिला आपण वर्षभर नाला समजतो आणि पूर आला की ती नदी असल्याचे आठवते. शिवाय महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता. त्यामुळे त्या पहाटे पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला हाक मारायला वस्तीचा नगरसेवकही नव्हता.

उत्तरेकडील कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरील वीजकेंद्रांतल्या राखेचा प्रश्न स्वतंत्र पत्राचा आहे. एवढेच नोंदवतो, की जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ज्या कन्हानचे पाणी आपण पितो तिच्यापर्यंत ही राख पोहोचली होती. वीज साऱ्या राज्याला जाते, राख मात्र आसपासच्या गावांच्या शेतांवर आणि आपल्या छातीत उरते.

एवढे सगळे असूनही, मुलांनी विचारले तर मी त्यांना 'या' असेच सांगेन. घर, हवेशीर गल्ली, हाकेच्या अंतरावरचा दवाखाना, मराठी-हिंदी दोन्ही सहज बोलणारा मनमोकळा शेजार आणि दिवसातले वाचलेले दोन तास, हे मोठ्या पगारातूनही विकत घेता येत नाही. पण मला हे सांगताना अवघडल्यासारखे होऊ नये, यासाठी महापालिकेने काही गोष्टी येत्या उन्हाळ्यापूर्वीच हाती घ्याव्यात. रस्त्याचे कोणतेही काम जुना थर खोदून काढल्याशिवाय आणि घरांच्या जोत्याची पातळी मोजल्याशिवाय मंजूर करू नये. प्रत्येक झाडाभोवती निदान चार फूट माती मोकळी ठेवण्याची अट कंत्राटातच घालावी आणि ती पाळली नाही तर देयक अडवावे. नाग नदीची पूररेषा प्रत्यक्ष जागेवर खांब रोवून दाखवावी, म्हणजे घर घेणाऱ्याला फसवता येणार नाही. आणि मेट्रोच्या प्रत्येक स्थानकावरून रात्री शेवटच्या गाडीपर्यंत लहान बस सुटावी. यांपैकी एकाही कामासाठी नवा उड्डाणपूल बांधावा लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर