आमच्या मुलांचा प्रश्न तुम्ही शहरात नेलात

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय सेवा योजनेचं तुमचं सात दिवसांचं शिबिर संपलं तेव्हा ग्रामस्थांनी रीतसर आभार मानले, नारळ दिले, फोटो झाले. तुम्ही पुढच्याच शनिवारी मुलांना कचऱ्याबद्दल शिकवायला पुन्हा शाळेत आलात आणि वर्षभर येत राहिलात. त्या वर्षाचे आभार मानायचे राहिलेत. ते सगळ्यांसमोर मानतेय, कारण असा उपक्रम करायची इच्छा असलेल्या इतर महाविद्यालयांनी, आणि आमच्यासारख्या शाळांनीही, तुम्ही नेमकं काय केलंत ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या मुलांना कचऱ्याबद्दल शिकवायला येणं सोपं नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही आमच्या गावांची नावं पुणेकरांना कचरा डेपोमुळेच माहीत आहेत. पूर्वी शहराचा कचरा कोथरूडला जायचा. तो डेपो बंद झाला, आज तिथे वनाजचा मेट्रो डेपो उभा आहे, आणि कचऱ्याच्या गाड्या नव्वदच्या दशकापासून आमच्या बाजूला वळल्या. विहिरींचं पाणी नासलं, पिण्यासाठी टँकर आले, ढिगाऱ्यांना आगी लागल्या, गावकऱ्यांनी रस्त्यावर बसून गाड्या अडवल्या. २०१७ साली ही गावं पुणे महापालिकेत गेली आणि पुढे बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. या सगळ्या काळात आमच्या वर्गांतली मुलं वाढली. त्यांचे आईवडील आंदोलनात होते, काहींचे आजोबाही होते. त्यांच्यासमोर ‘कचरा कुंडीत टाका’ असा तक्ता धरला तर ती निमूटपणे बघतात, टाळ्या वाजवतात आणि विसरतात. तुमच्याआधी असे तक्ते घेऊन पाहुणे येऊन गेले होते.

तुम्ही तक्ता आणला नाहीत, ताणकाटा आणलात. पोषण आहाराची सुट्टी संपल्यावर शाळेतल्या सगळ्या कुंड्या अंगणात ताडपत्रीवर उलट्या केल्यात, मुलांना हातमोजे दिलेत आणि म्हणालात, ‘चला, वेगळं करून वजन करू.’ निम्म्याहून जास्त वजन खिचडीचं, भाजीच्या देठांचं आणि झाडाच्या पाल्याचं निघालं. ते आकडे फळ्यावर लिहून त्यांचे अपूर्णांक करायला लावलेत. चौथीच्या पोरांना अपूर्णांक किती नकोसे असतात ते मी इतकी वर्षं बघतेय. त्या दिवशी ती एकमेकांची गणितं तपासत होती. शिवाय, खिचडी उरते ती कोणत्या वारी जास्त आणि का, याचा शोध त्यांनी आपणहून सुरू केला. आमच्या स्वयंपाकाच्या ताईंनी त्यावरून वाढण्याची पद्धत बदलली: आधी थोडं, मग हवं तेवढं पुन्हा. हे तुमच्या आराखड्यात नव्हतं, पण तुमच्यामुळे झालं.

पाण्याच्या टबाचा तास तर मुलं अजून घरी करून दाखवतात. पाण्याच्या बाटलीचे तुकडे, तिचंच झाकण, दुधाची पिशवी, श्रीखंडाचा डबा, नळाच्या पाइपचा तुकडा. प्रत्येक तुकडा बोटाने दाबून, बुडबुडे काढून सोडायचा. बाटली बुडाली, झाकण तरंगलं! एकाच वस्तूचे दोन भाग, दोघांची जात वेगळी. बाटलीचं प्लास्टिक पाण्याहून जड, झाकणाचं हलकं, आणि दोन्ही एकत्र वितळवली तर धड एकही वस्तू बनत नाही, हे तुम्ही सांगितलंत ते मुलांनी डोळ्यांनी पाहिल्यानंतर. बाटल्यांचा चुरा करणाऱ्या कारखान्यांतही अशाच पाण्याच्या हौदात झाकणांचा चुरा वेगळा होतो, हे ऐकून तर मुलांना आपण कारखान्यातलंच काम केलं असं वाटलं. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात छापलेला आकडा कशासाठी असतो तेही त्यांना कळलं. एक म्हणजे बाटलीचं, दोन म्हणजे शाम्पूच्या डब्याचं आणि दुधाच्या कॅनचं, पाच म्हणजे श्रीखंडाच्या डब्याचं. आता पालकसभेला आलेल्या आयांच्या हातातले डबे उलटे करून बघतात.

मग वेफर्सच्या पाकिटावर आलात. प्लास्टिकचे थर आणि त्यांवर धातूचा पातळ मुलामा, सगळं एकमेकांना असं चिकटवलेलं की वेगळं करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाले ते सहसा घेतच नाहीत. एका मुलीने विचारलं, ‘मग हे बनवतात कशाला?’ तुमच्यातल्या एका दादाने सरळ सांगितलं की आतला माल बरेच महिने कुरकुरीत राहावा म्हणून, आणि पाकिटाचं पुढे काय होतं याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकणारे नियम आपल्या देशात आहेत, पण त्यांची अंमलबजावणी अजून पुरेशी होत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला इतकं खरं उत्तर सहसा कोणी देत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याबद्दल. तुम्ही तुमच्यासोबत एका कचरावेचक मावशींना आणलंत. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा करणाऱ्या मावशी. त्यांना तुम्ही वर्गात खुर्ची दिलीत, फळ्यावर ‘आजच्या शिक्षिका’ असं लिहिलंत, आणि तुमच्या मॅडमनी त्यांना बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याइतकंच मानधन दिलं. हे शेवटचं मला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा तुमच्याबद्दलचा आदर वाढला.

मावशींनी डोळे मिटून प्लास्टिक ओळखून दाखवलं. चुरगळायचं, आवाज ऐकायचा, नखाने ओरखडायचं. रद्दी, पुठ्ठा, पत्रा, काच, प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि ओल्या कचऱ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव निम्माही नाही. एवढ्या एका वाक्यात त्यांनी वर्गीकरण का करायचं ते शिकवलं. परिसर अभ्यासाच्या तासांना मी ते इतक्या नेमकेपणाने कधी ऐकलं नव्हतं. फुटलेली काच उघडी टाकली की काय होतं ते दाखवायला त्यांनी तळहात पुढे केला. तेव्हापासून आमच्या शाळेत ट्यूबलाइट फुटली की मुलं आधी जाड कागद आणि चिकटपट्टी शोधतात. सातवीच्या मुलींना मावशी आणि तुमच्यातल्या ताईंनी वेगळ्या खोलीत बसवून सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला सांगितलं, म्हणजे उघडणाऱ्या हाताला आधीच कळेल. पाळी या विषयावर त्या मुली इतक्या मोकळेपणाने बोललेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

तुमच्या मॅडमनी त्या दिवशी जी हकिकत सांगितली ती आम्हा शिक्षकांना ठाऊक नव्हती, म्हणून इथे नोंदवते. १९९० साली पुण्यात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी वर्ग सुरू केले. शिकवायला गेलेल्या या दोघी त्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर फिरल्या, उकिरड्यांवर गेल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की या बायांना घराघरांतून वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर त्यांचे हातही वाचतील आणि कमाईही वाढेल. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांचं पाठबळ तिला मिळालं. बायांना ओळखपत्रं मिळाली, ती महापालिकेने मान्य केली. भंगार वेचणारी बाई चोर नाही, कामगार आहे, हे कागदावर आलं. पुढे ‘स्वच्छ’ संस्था झाली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. विद्यापीठातल्या एका विभागाच्या विस्तारकार्यातून हे सगळं निघालं! ज्या बाईने वर्गात आम्हाला शिकवलं तिच्या ओळखपत्राची सुरुवात मुलांसाठी काढलेल्या एका वर्गातून झाली होती. मॅडम, हे तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना आणि आम्हाला एकाच वेळी सांगितलंत, त्यासाठी तुमचे स्वतंत्र आभार.

मावशी बोलत होत्या तेव्हाच मागच्या बाकावरच्या एका मुलाचा तो प्रश्न आला. ‘आम्ही वेगळा केला, तरी पुण्याचे लोक इकडेच टाकणार ना? मग आम्ही कशाला करायचं?’ वर्ग गप्प झाला. मी त्याला खाली बसवायला उठले असते, पण तुमच्यातली एक ताई म्हणाली, ‘बरोबर विचारलंस. याचं उत्तर मी आत्ता देत नाही, आपण करून बघू.’

दोन बरण्या भरल्यात. एकीत भाजीची सालं, वाळका पाला, मूठभर माती, झाकणाला भोकं. दुसरीत तीच सालं, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून, वरून पाणी आणि झाकण घट्ट. काही शनिवारांनी उघडल्या तेव्हा पहिलीला पावसाळ्यातल्या मातीचा वास होता. दुसरीचं झाकण सैल करताच मुलं ओरडली, ‘डेपो!’ हवा मिळाली की कुजण्याची माती होते, हवा कोंडली की मिथेन होतो आणि काळं पाणी सुटतं. तो मिथेन पेटतो म्हणून ढीग धुमसतात, आणि ते पाणी झिरपतं म्हणून विहिरी नासतात. आपल्या गावाचं दुखणं पुण्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात, एका पिशवीत दोन कचरे गेल्यापासून सुरू होतं, हे त्या मुलाने स्वतः फळ्यावर चित्र काढून समजावलं. शहरात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो, हा आकडा त्याने त्याखाली लिहिला.

आणि मग तुम्ही जे केलंत ते मी आजवर कोणत्याही पाहुण्याने केलेलं पाहिलेलं नाही. मुलांना पोस्टकार्डं लिहायला सांगितलीत आणि ती तुमच्याच वसतिगृहाच्या खाणावळीत आणि तुमच्यापैकी काहींच्या सोसायट्यांत नेलीत. ‘दादा, तुमच्या ताटात उरलेला भात आमच्या विहिरीत येतो,’ असं एका कार्डावर होतं. पुढच्या खेपेला तुम्ही खाणावळीचं वजन घेऊन आलात. मुलांनी आपल्या शाळेच्या आकड्यांशेजारी ते लिहिलं आणि तुमचा आकडा बघून तुम्हाला चार शब्द सुनावले. तुम्ही ऐकून घेतलेत. खाणावळीतल्या लोकांना राजी करायला तुम्हाला किती बैठका घ्याव्या लागल्या ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण आता तिथे ओला कचरा आवारातच जिरतो, हे मुलांना तुम्ही फोटो आणि वजनासकट कळवलंत. विद्यापीठाने गावात येऊन शिकवणं मी पुष्कळ पाहिलंय. गावातल्या लेकरांचा प्रश्न उचलून विद्यापीठात नेणं, त्याचं उत्तर द्यायला स्वतःला बांधून घेणं, हे पहिल्यांदा पाहिलं. आमच्या मुलांना आयुष्यात प्रथमच असं वाटलं की शहर त्यांचं ऐकतं.

शाळेतल्या आमच्या खताच्या खड्ड्याचंही सांगते. पहिल्या पावसात तो सडला, माशा झाल्या, शेजारच्यांनी तक्रार केली. तुम्ही येऊन पालकांना आणि मुलांना समजावलंत: ओला एक भाग तर वाळका पाला दोन भाग, आणि आठवड्याने उलथापालथ. शाळेमागच्या कडुनिंबाचा पाला एरवी सफाईत जाळला जायचा, आता तो पोत्यांत भरून ठेवतो. त्या खतावर वाल आणि पालक आला, तो खिचडीत गेला.

सगळं जमलं असं नाही. शाळेसमोरच्या दुकानात पाच रुपयांची पाकिटं अजून तशीच लटकतात आणि मुलं ती घेतात. वस्तीत ओला-सुका वेगळा देणारी घरं अजून मोजकीच आहेत, आणि वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होताना मुलांनी पाहिला तेव्हा ती फार चिडली. त्यावर त्यांनी नगरपरिषदेला पत्र लिहिलंय. उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र लिहायचं ठरलंय, मसुदा तयार आहे.

तर आता मागणं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की नवी चौथी येईल. आमच्या वेळापत्रकात उपक्रमांसाठीचा ‘आनंददायी शनिवार’ आहे, त्यातला एक तास मी तुमच्या नावाने राखून ठेवलाय. तुमच्यातले बरेच जण पदवी घेऊन जातील, तेव्हा नव्या मुलामुलींना आधी एकदा तुमच्याबरोबरच पाठवा, म्हणजे घडी बसेल. मावशींना नक्की आणा, त्यांचं मानधन या वेळी शाळा व्यवस्थापन समिती देणार आहे. ताणकाट्याची स्प्रिंग सैल झालीय, दुसरा मिळाला तर बघा. आणि पाचवीत जाणारी आधीची मुलं म्हणताहेत की बरण्यांचा प्रयोग या वर्षी नव्या मुलांना ती शिकवणार, तुम्ही फक्त मागे बसा.

तुमची,
चौथीच्या बाई