पावसाचा 'ब्रेक' म्हणजे नक्की काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरचा जुना वाचक आहे म्हणून हक्काने लिहितोय. परवा पहिल्या पानावर हेडिंग होतं, 'पावसाचा ब्रेक'. माझा धाकटा भाऊ लातूरकडे सोयाबीन करतो, त्याला फोनवर ते वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "दादा, ब्रेक म्हणजे उघडीप का खंड ते सांग की." बातमी शेवटपर्यंत दोनदा वाचली तरी मला ते सांगता येईना.

शहरातल्या माणसाला वाटेल त्यात काय एवढं, पाऊस थांबला ना. पण उघडीप म्हणजे आठ दिवस झड लागल्यावर पडलेलं ऊन, कोळपणी फवारणी उरकून घ्या, सगळे खूश. पावसाने ओढ दिली म्हणजे आभाळाकडे बघत बसा. आणि खंड हा तर हिशोबाचाच शब्द झाला होता. २०२३ चा ऑगस्ट आठवा, देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, तेव्हा पीकविम्याच्या २५ टक्के आगाऊ रकमेसाठी २१ दिवसांचा खंड बघत होते आणि गावात माणसं महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे तोंडपाठ करून बसलेली. विसाव्या दिवशी एखादी सर आली तर तेवढ्याने पीक काही उठत नाही, पण कागदावरचा खंड मोडतो. हवामानवाल्यांच्या इंग्रजीतसुद्धा ब्रेक मान्सून याला स्वतःचा नेमका अर्थ आहे, पण तुमच्या हेडिंगमध्ये तो आला की चहाचा ब्रेक वाटतो.

मी इंग्रजी शब्द हाकला म्हणणाऱ्यातला नाही हो. मेगाब्लॉकला मराठी शब्द शोधत बसलात तर तो सापडेपर्यंत रविवारची लोकल पण येऊन जाईल. माझं म्हणणं एवढंच की थांबण्याचा शब्द इंग्रजीतून घेताय तर कुणी थांबवलं, किती दिवस आणि त्या दिवसांचे पैसे कोण भरणार हे पण सोबत घेऊन या.

हे मला महागात पडलंय म्हणून बोलतोय. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांवर मोरेटोरियम जाहीर केलं, आधी तीन महिने, मग मे मध्ये आणखी तीन, ३१ ऑगस्टपर्यंत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता उशीर, म्हणजे देणं आहेच, फक्त नंतर द्या. पण मी जे वाचलं (तुमच्याच पेपरात असं नाही म्हणत) त्यात शब्द होता 'हप्त्यांना सूट'. आता मराठी माणसाला सूट म्हटलं की दिवाळीतली वीस टक्के सूट आठवते, माफीच वाटली. घरात पगार अर्ध्यावर आलेला, बँकेचा मेसेज आला, मी लगेच हो केलं. माझं १८ लाख बाकी होतं, व्याज साडेआठ टक्के, पंधरा वर्षं उरलेली. सहा हप्ते भरले नाहीत पण व्याज रोज चालूच, ते मुद्दलात जाऊन बसलं, आणि नंतर बँकेचं नवीन शेड्यूल हातात आलं तर त्यात १८० च्या जागी १९७ हप्ते. मी खिडकीवरच्या मुलीला म्हटलं मॅडम काहीतरी चुकलंय, सहा थांबवले तर सतरा कसे वाढतील. तिने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून करून दाखवलं, चुकलं काहीच नव्हतं. पुढे नोव्हेंबरात सरकारने व्याजावरचं व्याज परत दिलं तेव्हा खात्यात चौदाशेच्या आत रुपये आले, बायको म्हणाली आता याचे पेढे आणा.

तेव्हा कुणी 'हप्ते लांबणीवर, व्याज चालू' एवढे चार शब्द छापले असते तरी मी बहिणीकडून उसने घेऊन निदान तीन हप्ते भरले असते.

तीच गत 'रस्त्याच्या कामाला ब्रेक' ची. कोर्टाने स्टे दिला, का मंत्र्यांनी स्थगिती दिली, का ठेकेदाराचं बिल अडकलं म्हणून तो मशीन घेऊन गेला, तिन्हीला तुमच्याकडे ब्रेकच. पहिल्यासाठी तारखेची वाट बघायची, दुसऱ्यासाठी मुंबईला खेटे घालायचे, तिसऱ्यासाठी पालिकेत जाऊन बसायचं, आम्ही जायचं कुठे ते तरी कळू दे! आपल्याकडे शब्द काय कमी आहेत का, तहकूब, खोळंबा, दिरंगाई, रखडलं, मध्यंतर, विसावा. यातली दिरंगाई छापली की कुणाची ते पण लिहावं लागतं, ब्रेक मात्र आपोआप लागतो, म्हणून तर तो लाडका नसेल ना अशी मला शंका आहे.

भावाला शेवटी काय सांगितलं विचाराल तर खिडकीतून बाहेर बघून म्हटलं, इकडे पुण्यात तर पडतोय. त्याने फोन ठेवला.

आपला,
एक जुना वाचक, पुणे