अहिराणी विनोदाला उभे राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अहिराणी ही खानदेशी बोली बोलणाऱ्या, अमळनेर तालुक्यातील आमच्या खेड्यात १९८०च्या दशकात मोजक्याच घरी टेपरेकॉर्डर होते, आणि गणेशोत्सवात आरती आटोपली की त्यांपैकी एकावर पु. ल. देशपांडे यांची कॅसेट लावली जात असे. मुंबईची चाळ आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती, तरी ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. एकट्या माणसाने नुसत्या बोलण्यातून अख्खी वस्ती उभी करावी, या कलेचा मला तेव्हा लागलेला लळा आजतागायत सुटलेला नाही.

पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ पात्रे रंगवली आणि मराठवाड्याची बोली परदेशातील मराठी माणसांपर्यंत पोहोचवली. २००५ साली सुरू झालेल्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ने कानपूरचे राजू श्रीवास्तव घराघरांत पोहोचले. त्यांनी रंगवलेला गजोधर हा गावाकडचा माणूस आपल्या मुलखाच्या बोलीतच बोलत असे, आणि ती बोली न येणारे आम्हीही त्याच्यासाठी सगळी कामे बाजूला ठेवत असू. २१ सप्टेंबर २०२२ रोजी ते गेले, तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.

म्हणूनच गेल्या वर्षी एका स्नेहसंमेलनात जे पाहिले, ते मनाला लागले. विनोदी कार्यक्रम करू पाहणाऱ्या एका तरुणाला आयोजकांनी ऐन वेळी सांगितले, की शुद्ध मराठीत बोल, अहिराणी फक्त गड्याच्या तोंडी ठेव. त्याने ते मानले आणि सभागृह थंड राहिले. नंतर मांडवामागे त्याने तोच किस्सा अहिराणीत सांगितला. खेडा खरेदीला, म्हणजे गावातच शेतमाल विकत घ्यायला, आलेला व्यापारी, त्याचा वजनकाटा आणि तो काटा टाचा उंचावून पाहणारे काका असा तो प्रसंग होता, आणि ऐकणारे पोट धरून हसले. माणसे तीच होती, प्रसंगही तोच होता. काकांना त्यांची भाषा परत मिळाली होती, एवढाच काय तो फरक. अहिराणी माणसाला हसणे आणि अहिराणीत हसणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे आयोजकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

फेब्रुवारी २०२४मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, याचा मला फार अभिमान आहे. मात्र होतकरू कलावंताला एवढ्या मोठ्या मंडपाची गरज नसते. नाट्यगृहाचे भाडे एकट्याला पेलवत नाही, आणि नवा विनोद तर पन्नास माणसांसमोर पुन्हापुन्हा सांगूनच घोटीव होतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वाचनालयांनी व महाविद्यालयांनी महिन्यातील एक संध्याकाळ आपली खोली अशा मुलांना विनामूल्य द्यावी, आणि त्यांनी कोणत्या बोलीत बोलावे हे त्यांच्यावरच सोपवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या गावच्या वाचनालयाकडे मी तसा अर्ज दिला असून सतरंज्या अंथरण्यापासूनची सर्व कामे करण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, ता. अमळनेर, जि. जळगाव