चित्रही प्रबंधाचा भाग माना

महोदय,
ललित कलेत पीएच.डी. करायची म्हटली की चित्रकाराला बहुतेक वेळा स्टुडिओ सोडून ग्रंथालयातच बसावे लागते. मला हे खटकते. जस्ताची प्लेट आम्लात किती वेळ ठेवली तर रेष किती खोल उतरते, हे एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून छापे काढण्याची कला) करणारा विद्यार्थी पुन्हापुन्हा छापे काढून शोधतो, वहीत टिपतो. हे संशोधनच आहे! ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, फिनलंडमध्ये कलाकृती आणि लेखी प्रबंध एकत्र तपासले जातात. लेखनातून सुटका तिथेही नाही, आणि ते योग्यच. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. विदर्भातल्या मुलांना अशी पीएच.डी. इथेच करता यावी. परीक्षकांनी प्रदर्शनासमोर उभे राहूनच मौखिक परीक्षा घ्यावी.

– एक चित्रकला शिक्षिका, नागपूर