आक्षीच्या किनाऱ्यावर आम्हाला ओहोटीची वाट दाखवणाऱ्या मावशींस

पुणे

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

पौष वद्य प्रतिपदेच्या रात्री तुमच्या गावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात तंबू ठोकून राहिलेल्या पुण्याच्या मुलांच्या आणि पालकांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. निघताना तुमचे आभार मानले होते, परंतु सामान भरण्याच्या घाईत उच्चारलेल्या दोन शब्दांनी तुम्ही आमच्यासाठी जे केलेत त्याची नोंद होत नाही. हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण पुण्याहून सुट्टीच्या दिवशी तंबू घेऊन अलिबाग, दिवेआगर, दापोलीकडे निघणारी कुटुंबे आता पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेकांना भरती-ओहोटी म्हणजे पाणी पुढे येते आणि मागे जाते, यापलीकडे काही सांगणारे कोणी भेटलेले नसते. आम्हाला तुम्ही भेटलात.

ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन आम्ही दुपारी चारच्या सुमारास पोहोचलो तेव्हा समुद्र मागे हटू लागला होता आणि समोर पसरलेली पुळण इतकी रुंद, सपाट आणि कोरडी दिसत होती की तंबूसाठी याहून चांगली जागा नाही, असे कोणालाही वाटले असते. सामान उतरवण्यापूर्वी आम्ही तुम्हाला जागा विचारली आणि तुम्ही हातातली टोपली खाली ठेवून आम्हाला वाळूवरच्या दोन रेघा दाखवल्यात. समुद्राकडची रेघ ओल्या काटक्यांची आणि फेसाची होती; ती त्याच दुपारच्या भरतीची. तिच्या बरीच वर, बनाच्या कडेला, वाळलेले शेवाळ, सुरूच्या काड्या, शिंपल्यांचा चुरा आणि तुटक्या जाळ्याचे तुकडे यांची दुसरी रेघ होती. ती आदल्या रात्रीची. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते आणि पावसाळ्यात याच्या उलट होते, हे तुम्ही सांगितलेत. पौर्णिमा उलटली म्हणून उधाण उतरले असे समजू नये, सर्वांत मोठे पाणी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते, हेही सांगितलेत. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाचे पाणी ४.५ मीटरच्या वर चढू शकते. दिवसाउजेडी जी जागा सुरक्षित दिसते ती रात्री एक वाजता तशी राहत नाही, ही गोष्ट कोणत्याही फलकावर लिहिलेली मला आढळली नाही.

तंबू वरच्या रेघेच्याही वर, झाडांच्या बुंध्यांपासून थोडे अंतर ठेवून लागले. सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा थर ठिणगीने क्षणात पेट घेतो, म्हणून तिथे चूल मांडू नका असे तुम्ही सांगितलेत आणि रात्रीचा स्वयंपाक तुमच्या अंगणात करू दिलात. मध्यरात्रीनंतर तुम्ही स्वतः बॅटरी घेऊन आलात, मुले झोपली आहेत ना हे पाहिलेत आणि पाणी वरच्या रेघेजवळ येऊन थांबेपर्यंत आमच्याबरोबर उभ्या राहिलात. घरी पाहुणे आले म्हणजे माणूस जागे राहते. पण आम्ही तुमच्या घरचे पाहुणे नव्हतो, किनाऱ्यावर उतरलेले अनोळखी लोक होतो.

तिथीचा हिशेब तुम्ही मुलांना जेवणाच्या पंगतीत शिकवलात. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, प्रतिपदेला पाऊण वाजता. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते, ही शाळेच्या पुस्तकातली माहिती आमच्या मुलांना पाठ होती, पण तिचा उपयोग करून उद्या सकाळी किती वाजता चिखलावर उतरायचे हे काढता येते, हे त्यांना त्या पंगतीत कळले. एका मुलीने तिथल्या तिथे हिशेब मांडून सकाळी सव्वासात ते साडेसात हे उत्तर दिले आणि तुम्ही तिला शाबासकी दिलीत. दुसऱ्या दिवशी पाणी नेमके त्याच सुमारास तळाला गेले.

त्या सकाळबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्यासाठी या मुक्कामाचा गाभा तोच होता.

तांबडे फुटताच तुम्ही आम्हाला एका रांगेत उभे केलेत, सगळ्यांच्या पायांत जुने कापडी बूट आहेत याची खात्री केलीत (खडकांना चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कडा तळपाय चिरतात) आणि हातातल्या काठीने जमीन तपासत पुढे निघालात. वरून एकसारखी दिसणारी ती ओली जमीन किती वेगवेगळी असते, हे चालता चालता कळत गेले. लाटांच्या बारीक वळ्या उमटलेली वाळू घट्ट होती. खाडीच्या मुखाकडची गुळगुळीत, राखाडी, चकाकणारी जमीन गुडघ्यापर्यंत आत ओढणारी होती. पाय रुतला तर सरळ वर उपसू नये, अंग पुढे झुकवून वजन पसरावे आणि टाच हळूहळू हलवत मोकळी करावी, हे तुम्ही आधी स्वतः करून दाखवलेत आणि मग प्रत्येक मुलाकडून करून घेतलेत. उथळ पाण्यातून जाताना पाय उचलून टाकू नये, घासत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेली पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होते, हेही तसेच.

मग मुलांना दिसू लागले. एका बिळाभोवती वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी होती. ती घालणारा खेकडा वाळूवरचा अन्नाचा सूक्ष्म थर चाटूनपुसून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. खाडीच्या बाजूला एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले नर खेकडे ती नांगी हलवत बिळांच्या तोंडाशी उभे होते. निवटे चिखलावर उड्या मारत होते आणि मासा पाण्याबाहेर इतका वेळ कसा जगतो, या प्रश्नाला ओल्या कातडीतूनही त्याला श्वास घेता येतो हे उत्तर मिळाल्यावर मुले कितीतरी वेळ तिथून हलली नाहीत. वाळूत शेजारी-शेजारी दोन बारीक भोके दिसली की खाली शिंपला आहे हे तुम्ही दाखवलेत आणि तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढताना बोटाच्या पेरापेक्षा लहान असलेली प्रत्येक शिंपली तिथेच परत पुरलीत. एका मुलाला वाळूची गोल कॉलर सापडली, ती त्याने उचलण्याआधीच तुम्ही थांबवलेत. ती एका समुद्री गोगलगाईने वाळूत गुंफलेली अंडी होती. चिखल उकरल्यावर येणाऱ्या उग्र वासाने काहींनी नाके मुरडली, तेव्हा खालच्या थरात हवा पोहोचत नसल्याने तिथले जिवाणू हा वास निर्माण करतात आणि तो घाणीचा वास नव्हे, इतके मी सांगू शकलो. माझ्या वाट्याला एवढेच सांगणे आले. बाकी सगळे तुमचे होते.

पक्ष्यांच्या बाबतीत तुम्ही जे सांगितलेत ते माझ्या मनात विशेष राहिले आहे. तुतवार, चिखले, कुरव आणि काळ्या-पांढऱ्या अंगाचे, लाल चोचीचे ऑयस्टरकॅचर पाण्याच्या कडेने चरत होते आणि लहान मुले थव्याच्या दिशेने धावली. तुम्ही ओरडला नाहीत. त्यांना जवळ बोलावून सांगितलेत की या पाखरांना आपल्यासारखे केव्हाही जेवता येत नाही, पाणी हटलेले असते तेवढ्याच वेळात त्यांना पोट भरून घ्यावे लागते आणि आपण त्यांना उडवले तर तो घास आणि उडण्यात गेलेले बळ दोन्ही वाया जाते. यातील बरेचसे पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियाकडून हिवाळ्यापुरते येतात आणि परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी याच चिखलावर साठवतात. त्यानंतर आमच्यापैकी कोणीही एकही थवा उडवला नाही.

पाणी तळाला जाऊन स्थिर झाले त्या क्षणी तुम्ही परत फिरायला सांगितलेत. मुलांना आणखी थांबायचे होते आणि समुद्र तर शांतपणे दूर पसरलेला होता. तेव्हा तुम्ही सांगितलेला हिशेब मी नंतर पुण्यात येऊन पडताळून पाहिला. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढीचा जेमतेम बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र तीन-तीन हिस्से, म्हणजे निम्मी भरती त्या दोनच तासांत. शिवाय सपाट चिखलावर पाणी समोरून येण्याआधी बाजूच्या नाळींतून, म्हणजे चिखलातल्या खोलगट ओघळींतून, आत शिरते, त्यामुळे पुढे पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या मागची वाट आधी बुडते. किनाऱ्यावरून आम्ही त्या नाळी भरताना पाहिल्या. ज्या वाटेने आलो होतो ती तासाभराने ओळखू येत नव्हती. किनाऱ्यावर मोटारी उतरवून त्या भरतीत अडकवून घेणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्यातील प्रत्येकाने कधीतरी तुमच्याबरोबर ती एक सकाळ उभे राहायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

हा चिखल येतो कुठून, असे परतीच्या वाटेवर एका मुलाने विचारले होते. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या तो आणतात. पुण्याच्या मुठेचे पाणी पूर्वेकडे, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते; परंतु मुळशी धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला सोडले जाते, तिथून कुंडलिकेला मिळते आणि तुमच्या दक्षिणेला रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रात जाते. आमच्या जिल्ह्यातला पाऊस तुमच्या शेजारच्या खाडीत पोहोचतो, हे मुलांना नकाशावर दाखवल्यापासून त्यांना आक्षी लांबची वाटत नाही. अशा चिखलपट्ट्यांना २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे, आणि ते का ठेवले असावे, हे ती मुले आता स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात.

मावशी, एक गोष्ट मला त्या दिवशी लक्षात आली नव्हती आणि तीच मला या पत्रात प्रामुख्याने लिहायची आहे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी फारसे हटत नाही. खालचा, तिसऱ्यांनी भरलेला पट्टा उघडा पडतो तो उधाणाच्या ओहोटीत, पंधरवड्यातले मोजके दिवस आणि त्या दिवसांतलेही थोडेच तास. तुमची मिळकत त्या तासांवर चालते. अशा एका पूर्ण ओहोटीत तुमच्या टोपलीचा तळही झाकला गेला नाही, कारण तो सगळा वेळ तुम्ही आमच्या मुलांच्या पायांकडे लक्ष ठेवण्यात घालवलात. आम्ही देऊ केलेल्या पैशांतून तुम्ही फक्त जेवणाचे घेतलेत. वाट दाखवण्याचे पैसे तुम्ही घेणार नाही हे आता आम्हाला ठाऊक आहे. परंतु बुडालेली मजुरी हा वेगळा हिशेब आहे आणि तो आमच्याकडे बाकी आहे.

मुलांनी त्या सकाळची एक वही केली आहे. तिच्यात आपण चाललेली वाट, घट्ट आणि रुतणाऱ्या जमिनीच्या खुणा, बिळांची आणि गोळ्यांची चित्रे आणि पुढच्या सर्व महिन्यांच्या भरतीच्या वेळा तिथीवरून काढून लिहिलेल्या आहेत. ती टपालाने पाठवत आहे. कुठे चुकले असेल तर त्यावरच पेन्सिलीने दुरुस्त करावे, ही मुलांची विनंती आहे.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येण्याची आमची इच्छा आहे. गट लहान असेल, गाड्या गावातच राहतील आणि मोठ्या आवाजाचे काहीही बरोबर नसेल. तारीख तुम्ही ठरवावी. उधाणाची ओहोटी तुमच्या कामाची आहे, ती आमच्यासाठी मोडू नये. अष्टमीच्या सुमाराचा भांगाचा दिवस आम्हाला चालेल आणि पाणी जितके हटेल तितक्यात मुले पाहतील. त्याच वेळी मजुरीचा हिशेबही समोर बसून पुरा करू.

घरातील सर्वांना नमस्कार सांगावा.

आपला कृतज्ञ,
मुलांच्या गटातील एक पालक, पुणे