दाढ हलू दिलीत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

दवाखान्यात आभार मानायला लागलं की तुम्ही पुढच्या पेशंटला हाक मारता, म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तशी ताकीदच आहे.

पोरीची उजवीकडची खालची पहिली दाढ किडून पार गेली होती. वय सतरा. एका डॉक्टरानं ब्रिज सुचवला, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला नकली दात. त्यात शेजारच्या दोन धडधाकट दाढा घासाव्या लागणार. दुसऱ्यानं इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात. तुम्ही म्हणालात, जबडा अजून वाढतोय, बाकीचे दात वर सरकत राहतील आणि स्क्रू आहे तिथंच राहील. मग एक्स-रे उजेडाकडं धरलात आणि हिरडीत दडलेल्या अक्कलदाढेवर बोट ठेवलंत. "मूळ दोन तृतीयांश झालंय, टोक उघडं आहे. हीच काढून तिथं लावू."

अक्कलदाढ म्हणजे उपटून टाकायची वस्तू, एवढीच आमची अक्कल. घरी जाऊन वाचलं, तेव्हा कळलं की कोपनहेगनच्या येन्स अँड्रियासेन यांच्या गटानं १९९० मध्येच असे हलवून लावलेले ३७० दात वर्षानुवर्षं तपासून अभ्यास छापला होता. त्या दाढा नव्हत्या, उपदाढा होत्या, दाढांच्या पुढचे लहान दात. पण धीर आला.

खरे आभार आहेत ते ऑपरेशननंतरच्या दिवसांबद्दल. आम्ही तासगावकडचे द्राक्षवाले. डॉगरिज या जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलमाची काडी भरली की पट्टी आवळून बांधायची, काडी जराही हलता कामा नये, हलली की कलम गेलं. तुम्ही मात्र दाढ जागेवर बसवलीत आणि वरून फक्त दोऱ्याचे टाके आडवे-तिडवे घेतलेत. तार नाही, पट्टी नाही. वर बोटाच्या टोकानं दाबून दाखवलंत, दाढ किंचित हलली. माझ्या मेव्हण्याला राहवलं नाही, "मॅडम, जरा घट्टच बांधा की!"

तुम्ही चिडला नाहीत. कागदाच्या पाठीमागं दाताचं मूळ काढलंत, त्याच्याभोवती एक बारीक रेघ. साधारण ०.२ मिलिमीटरचा पडदा. दात हाडात चिणलेला नसतो, या पडद्याच्या तंतूंनी हाडाशी बांधलेला असतो, आणि दाढ काढताना त्यातल्या जिवंत पेशी मुळाला चिकटून येतात. त्या जगल्या तर दाढ जगली. म्हणूनच स्कॅनवरून दाढेची रेझिनची नक्कल आधी बनवून घेतलीत आणि खड्डा तिच्या मापानं कोरलात. खरी दाढ पुन्हा पुन्हा घालून बघितली असती तर त्या पेशी घासून मेल्या असत्या, बाहेर राहिली असती तर वाळल्या असत्या.

मग तुम्ही जोराचं गणित सांगितलंत. दाढ महिनोन्‌महिने जखडून ठेवली तर पडद्याला कामच उरत नाही. हाड थेट मुळाला चिकटतं आणि हळूहळू मूळ खाऊन त्या जागी स्वतः भरतं. उलट सुरुवातीलाच समोरच्या दाढेचा दणका बसत राहिला तर नाजूक पेशी चेंगरतात, सूज येते आणि त्या वाटेनंही मूळ झिजतं. म्हणून टाके आठवडाभरच. म्हणून दाढ चावण्याच्या पातळीपेक्षा केसभर खाली बसवलेली. आणि पडदा धरू लागला की हलकं चावणं सुरू, कारण नव्या तंतूंना कुठल्या दिशेनं उभं राहायचं ते चावण्याच्या दाबातूनच कळतं. माकडांवरच्या जुन्या प्रयोगाचंही बोललात, नेहमीचं कडक खाणाऱ्यांचे परत बसवलेले दात मऊ खाणाऱ्यांपेक्षा हाडाला कमी चिकटले होते. हे ऐकून मेव्हणा गप्प बसला, जो सहसा बसत नाही.

आमच्या आईला मात्र तुमचा कागद पटेना. नातीला ती जन्मभर आंबील आणि गुरगुट्या भातावर ठेवायला तयार होती. पहिले पंधरा दिवस तिचं राज्य चाललं. नंतर तुम्ही फोनवर तिलाच घेतलंत आणि सांगितलंत, "आज्जी, आता भाकरी दुधात कुस्करून, मग नुसती, दोन्ही बाजूंनी चावायला लावा." त्या एका फोनचं मोल मी कुठल्या बिलात धरू? भडंगावर बंदी मात्र पुढंही राहिली. सांगलीच्या पोरीला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

परवाच्या तपासणीत तुम्ही मला खुर्चीजवळ बोलावलंत. आरशाच्या दांड्याचं मागचं टोक आधी शेजारच्या दाढेवर वाजवलंत, मग हिच्यावर. दोन्हींचा आवाज सारखाच, बद्द. हाडाला चिकटली असती तर धातूसारखी खणखणली असती म्हणालात. मग गार स्प्रे मारलेला कापसाचा बोळा दाढेला टेकवलात आणि पोरगी कळवळली. तुम्ही हसलात. उघड्या टोकातून रक्तवाहिन्या आत शिरल्या होत्या, रूट कॅनाल टळलं. मूळ पूर्ण वाढलेली दाढ असती तर ते टळलं नसतं, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. खोटी आशा लावली नाहीत.

तुमच्याकडच्या मदतनीस ताईंचेही आभार. टाके काढताना पोरीचा हात त्यांनीच धरला होता, मी बाहेर पळालो होतो.

दात सरळ करायची तार काही महिन्यांनी लावू म्हणालात, ती याही दाढेला चालेल, पडदा जिवंत आहे म्हणून. आमची ऑक्टोबर छाटणी उरकली की एक्स-रेला येतो. पोरीचा एक प्रश्न आहे, ऊस दातानं सोलायची परवानगी कधी? माझं ती ऐकत नाही, तेव्हा उत्तर थेट तिलाच द्या.

आपला नम्र,
एक बागायतदार बाप, ता. तासगाव, जि. सांगली