आयर्लंडवरच्या लेखात १९३४ साल राहूनच गेलं

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आयर्लंडवरचा लेख आवडला, पण १९१६ चा ब्रिटिशांविरुद्धचा उठाव, १९२१ चा ब्रिटनशी तह, यादवी आणि मग थेट पुढे सरकारचा प्रमुख झालेला डी व्हॅलेरा, यात रिपब्लिकन काँग्रेस या डाव्या संघटनेचं नावसुद्धा नाही याचं खरंच वाईट वाटलं म्हणून लिहितेय.

पीडर ओ'डॉनेल, फ्रँक रायन, जॉर्ज गिलमोर ही मंडळी १९३४ मध्ये आयआरए ही ब्रिटनविरोधी सशस्त्र संघटना सोडून बाहेर पडली, नुसत्या बंदुकीने काही होणार नाही, कामगार आणि छोटा शेतकरी सोबत पाहिजे असं त्यांचं म्हणणं. एप्रिलमध्ये अथलोन गावी जाहीरनामा काढून ही काँग्रेस उभी केली, मग साप्ताहिक सुरू केलं, डब्लिनच्या पडक्या इमारतींतल्या भाडेकरूंना एकत्र आणलं.

आणि जूनमध्ये जे झालं ते तर मला विसरताच येत नाही. बोडेन्सटाउनला वुल्फ टोन या अठराव्या शतकातल्या आयरिश क्रांतिकारकाच्या समाधीवर दरवर्षी मोर्चा जातो, त्यात बेलफास्टच्या शॅन्किल रोडचे प्रोटेस्टंट कामगार आले, १९१६ च्या उठावातला कामगार नेता जेम्स कॉनली याच्या नावाचा बॅनर घेऊन! शॅन्किल म्हणजे ब्रिटनशी एकनिष्ठ असणाऱ्यांचा बालेकिल्ला, तिथून ही माणसं आली होती हो. आणि आयआरएच्याच लोकांनी त्यांना अडवलं, झटापट केली, का तर म्हणे परवानगी नसलेले बॅनर चालणार नाहीत. टोन स्वतः प्रोटेस्टंट होता, कॅथलिक-प्रोटेस्टंट भेद मिटवा असं आयुष्यभर सांगत राहिला आणि त्याच्याच समाधीच्या वाटेवर हे, काय म्हणावं!

सप्टेंबरमध्ये डब्लिनमधल्या रॅथमाइन्सच्या अधिवेशनात काँग्रेसच फुटली. थेट ‘कामगारांचं रिपब्लिक’ अशी घोषणा द्यायची की आधी सगळ्यांची एकजूट करायची एवढ्यावरून. ९९ विरुद्ध ८४ मतांनी एकजूटवाले जिंकले पण हरलेले उठून गेले, त्यात कॉनलीची मुलं नोरा आणि रॉडी पण होती. मला वाटतं दोघांनाही पाहिजे होतं ते एकच, भांडण शब्दांचं होतं, आणि तिथून जी घसरण लागली ती दोनेक वर्षांत संघटनाच संपली.

माणसं मात्र संपली नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये फ्रँक रायन आयरिश स्वयंसेवक घेऊन तिथल्या यादवीत जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला स्पेनला गेला. काँग्रेसमधलाच तरुण कवी चार्ली डॉनेली फेब्रुवारी १९३७ ला स्पेनमधल्याच हारामाच्या लढाईत मारला गेला, वय फक्त २२.

लेखाचा पुढचा भाग येणार असं छापलंय, त्यात शॅन्किलच्या त्या कामगारांना चार ओळी तरी द्या ही कळकळीची विनंती.

एक नियमित वाचक, नाशिक